रोग ओढणारी अळंबी

रविवारी सकाळी नऊच्या आत आमच्या गल्लीतली झाडून सगळी दुखणी दादाच्या अंगणात येऊन बसली होती. गुडघे पहिल्या रांगेत, कारण त्यांना मागून उठून पुढे यायला त्रास होतो. त्यांच्यामागे कंबरा, त्यांच्यामागे रक्तदाब, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून अशी मंडळी, ज्यांना अजून काहीच झालेलं नव्हतं, पण आज काहीतरी निघेल अशी आशा होती. एरवी या अंगणात दोऱ्यांवर रंगवलेलं कापड वाळत असतं. त्या दिवशी दोऱ्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि मधोमध एका स्टुलावर अळंबीवाले गुरुजी उभे होते.

गुरुजींचे कपडे पांढरेशुभ्र. रंगाऱ्याच्या अंगणात तासभर उभं राहूनही त्यांच्यावर एक ठिपका पडला नव्हता, आणि माझ्या मते त्यांनी केलेला खरा चमत्कार तेवढाच. त्यांच्यापुढे टेबलावर दोन भांडी होती. एक वेताची टोपली, तिच्यात जाड देठाच्या, तपकिरी टोपीच्या अळंब्या. दुसरं झाकणाचं पितळी भांडं, त्यातही अळंब्याच, पण "स्नान घातलेल्या". मध्ये एक सुरी.

"मंडळी," गुरुजी म्हणाले, "अळंबी म्हणजे झाड आहे का? नाही. प्राणी आहे का? तेही नाही. मग ती आहे तरी कोण?"

आजारी माणसाला सकाळी नऊ वाजता असले प्रश्न विचारू नयेत.

"ती आहे शोषणारी! जमिनीतली घाण शोषते, तशीच तुमच्या अंगातली शोषेल. तिच्यात एकशे चौतीस तत्त्वं आहेत. एकशे तेहतीस शास्त्रज्ञांना सापडली."

"आणि चौतिसावं?" बेकरीवाल्या काकांनी विचारलं.

गुरुजींनी नम्रपणे मान खाली घातली. चौतिसावं कोणाला सापडलं असेल, ते सगळ्यांना कळलं.

मग प्रयोग. पहिली परीक्षा नेहमी स्वतःची. गुरुजींनी पितळी भांड्यातून एक अळंबी काढली, मधोमध चिरली, पातळ काप आपल्या छातीवर दाबून धरला, आणि सगळ्या अंगणाने मोठ्याने वीसपर्यंत आकडे म्हटले. काप वर धरला तर तो पिवळाधमक, लोण्यासारखा. "या देहात रोग नाही!" टाळ्या. नंतर बेकरीवाले काका पुढे आले. आता अळंबी टोपलीतून. चिरली, काकांच्या गुडघ्यावर दाबली, वीस आकडे झाले, आणि काप वर उचलला तो गर्द निळा, शाईत बुडवल्यासारखा.

अंगणातून एकच "अरे बापरे!" निघालं. काका स्वतःच्या गुडघ्याकडे अशा नजरेने बघत होते, की हा इतकी वर्षं माझ्या पायात लपून काय काय करत होता!

"रोग निळा असतो," गुरुजी म्हणाले. "तो ओढला गेला. आता भुकटी घ्या. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. पुढच्या रविवारी पुन्हा पाहू."

भुकटीच्या डब्या टेबलाखालच्या खोक्यात तयारच होत्या.

आता माझी ओळख सांगते, म्हणजे माझ्या म्हणण्याला गल्लीत किती किंमत होती तेही कळेल. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान माझं. त्यामुळे मी गुरुजींविरुद्ध तोंड उघडलं की पुढचा माणूस समजूतदारपणे हसायचा आणि म्हणायचा, "तुमचं बरोबर आहे हो ताई, तुम्हालाही पोट आहे." यावर काय बोलणार? पालथ्या घड्यावर पाणी.

तरी एकदा मी परीक्षेला उभी राहिले. माझी तब्येत ठणठणीत आहे, सगळ्या तपासण्या दोन महिन्यांपूर्वीच झालेल्या. गुरुजींनी टोपलीतली थंडगार अळंबी चिरून माझ्या कपाळावर दाबली. काप निळाशार.

"मला काय झालंय?" मी विचारलं.

"राग," गुरुजी म्हणाले.

सगळं अंगण पोट धरून हसलं. दादा सगळ्यात जास्त. आणि खरं सांगायचं तर त्या एका बाबतीत गुरुजींचं निदान अचूक होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. नीळ भिजवायची, हौदात कापड बुडवायचं, वर काढून वाळत घालायचं, हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा, आणि तो आता दादा आणि वहिनी चार कामगार हाताशी घेऊन चालवतात. दादाचे हात कोपरापर्यंत कायमचे निळसर. स्वभावाने लाख माणूस, पण कामात चूक दिसली की आवाज तीन घरं पलीकडे जातो. निळीच्या हौदातून कापड वर येतं ना, ते निळं नसतंच. पिवळट हिरवं असतं. वारा लागला की डोळ्यांसमोर निळं होत जातं. आमच्याकडे त्याला म्हणतात, कापड हवा खातंय. म्हणून ते झटपट उलगडून पसरायचं. कुठे घडी राहून गेली, तर तिथे हवा पोचत नाही आणि मधोमध पिवळा पट्टा राहतो. मग दादा गरजतो, "घडी राहिली! डोळे कुठे होते?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आधी वडिलांच्या तोंडून, मग त्याच्या.

या दादाला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सहा वर्षांपासून इन्सुलिन. रोज जेवणाआधी पोटावर टोचून घ्यायचं. तो टोचून घ्यायचा, पण कुरकुरत. त्यामुळे गुरुजी अंगण मागायला आले तेव्हा त्याने अंगण दिलं, बाकं दिली, आणि शेवटी स्वतःचं पोटही दिलं. पहिल्या तीन रविवारी त्याचा काप निळा आला, मात्र दर वेळी "थोडा फिका". चौथ्या रविवारी गुरुजींनी पितळी भांड्याचं झाकण उघडलं. अळंबी चिरली, दाबली, आकडे झाले. काप पिवळा.

"रोग संपला!" गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "आता सुया बंद. सुई म्हणजे शरीराचा अपमान!"

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी थट्टेने सांगत नाहीये. सहा वर्षं रोज टोचून घेणाऱ्या माणसाला कोणी 'संपलं' म्हटलं, तर त्याला काय वाटत असेल ते मला कळतं. मी तरी कुठली दगडाची? क्षणभर मलाही वाटलं, खरं असतं तर!

दुपारी तो फ्रिजमधली इन्सुलिनची पेनं पिशवीत घालून दुकानात आला.

"छोटे, ही परत घे. ज्याला लागतील त्याला दे."

"दादा, दिलेली पेनं परत घेता येत नाहीत. आणि तुला ती लागणार आहेत."

"काप पिवळा आला. तू होतीस ना तिथे?"

"माझ्या कपाळावर निळा आला होता. मला कुठला रोग आहे?"

"सांगितलं की त्यांनी." तो हसला. मग माझा हात धरून म्हणाला, "आणि हा साधा काप नव्हता गं. आधीचे गार असायचे. हा उबदार होता, कोणीतरी मायेने हात ठेवावा तसा. माझं मलाच कळलं, की सुटलो."

मी खूप बोलले. ओरडले, हात जोडले, रडलेसुद्धा. तो गेला. पेनं मी माझ्या फ्रिजमध्ये ठेवली आणि तेच वाक्य डोक्यात घेऊन बसले: हा उबदार होता. पण तेव्हा मला भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नाही.

पुढचा आठवडा दादा सारखा पाणी पीत होता. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय." सारखा लघवीला जात होता. "शुद्धी चाललीय." पँट कमरेवरून घसरायला लागली. "चरबी वितळतेय!" गुरुजींकडे प्रत्येक लक्षणाला उत्तर तयार होतं. पाचव्या रविवारी त्यांनी दादाला स्टुलाशेजारी उभं करून अख्ख्या गल्लीला दाखवलं, आणि यजमान म्हणून एक ताजी, अख्खी अळंबी बक्षीस दिली, घरात फळीवर ठेवायला. मी साखर मोजायचं यंत्र घेऊन मागे लागले, तर दादाने बोटं मुठीत लपवली, रक्त तपासायच्या वेळी मुलं लपवतात तशी.

सोमवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, जरा येऊन जाता का? ह्यांच्या हातून कापड सुटलं."

दादाच्या हातून कापड सुटलं, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. यंत्र आणि पेन घेऊन मी धावत गेले.

दादा स्वयंपाकघरात खुर्चीत बसला होता. ओठ कोरडे, श्वास जोराचा, शेजारी पाण्याचा जग. दोनदा उलटी झाली होती. तरी मुठी वळलेल्याच!

"दादा, बोट दे."

"सुई नको. संपलंय ते."

तेव्हा मात्र गुरुजींनी काढलेला माझा रोग उफाळून आला. मी फळीवरची अळंबी उचलली, पोळपाटावर ठेवून सुरीने चिरली, आणि काप चहाच्या किटलीवर दाबला. वीस आकडे मी एकटीनेच म्हटले. काप निळा.

"घे! तुझ्या किटलीला मधुमेह झालाय!"

दादाने किटलीकडे बघितलं. "किटलीला माझा हात लागतो."

मी साबणाच्या नव्या वडीचं वेष्टण फाडलं. दुसरा काप त्या वडीवर दाबला. तोही निळा.

"घरात माझाच रोग पसरलेला असणार," दादा पुटपुटला. शहाण्या माणसाने एकदा वेडं व्हायचं ठरवलं, की त्याची हुशारीही वेडाच्याच कामाला लागते.

मी हात टेकले. पण वहिनी खिडकीपाशी तिसरा काप घेऊन उभी होती. कोणावरही न दाबता, नुसता बोटांत धरून. वहिनी फार बोलत नाही. पंचवीस वर्षं हौदाशी तीच उभी असते, आणि रंग केव्हा पुरे झाला ते दादा तिला विचारतो.

"अहो," ती म्हणाली, "हा कडेपासून चढतोय."

"काय?"

"निळा. आधी कडेला चढतोय, मग मध्ये. कापडासारखा."

तिने अळंबीचा आणखी एक काप काढला, निळा व्हायच्या आत टेबलावर ठेवला आणि वरून काचेचा पेला घट्ट दाबला. आम्ही तिघं पेल्याच्या बुडातून बघत राहिलो. पेल्याबाहेरची कड निळी झाली. आतला गोल पिवळाच. मग तिने पेला उचलला. तो पिवळा गोल आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू निळा होत गेला.

दादा खुर्चीतून पुढे झुकला. इतक्या आजारातही त्याच्या तोंडून तेच निघालं, जे रोज निघतं.

"घडी राहिली होती."

"हो," वहिनी म्हणाली. "हवा पोचली नव्हती."

"अगं, म्हणजे ही... ही नुसती हवा खातेय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन पिढ्या ज्यांनी हवेने निळं होणारं कापड वाळत घातलं, त्यांनी पाच रविवार त्याच अंगणात बसून त्याच निळ्याला रोग म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्यात मीही आलेच. मीही त्याच घरची.

"मग माझा पिवळा का राहिला?" दादाने विचारलं. आवाजात अजून थोडी आशा होती. ती मला ऐकवेना.

पण आता माझं डोकं चालू लागलं होतं. "तो उबदार होता म्हणालास ना?"

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "वन्सं, पितळी भांड्यात उकळतं पाणी मीच देते. दर रविवारी, आपल्या बंबातलं. अळंबीला स्नान घालायला म्हणून मागतात."

उरलेली अर्धी अळंबी मी पातेल्यात टाकली, किटलीतलं पाणी खळखळ उकळून वर ओतलं, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी काढून चिरली आणि काप दादाच्या तळहातावर ठेवला. एक मिनिट झालं, दोन झाली. काप पिवळाच. अळंबीच्या अंगात एक पदार्थ असतो, तो हवेशी मिळून रंग बदलतो, चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच. शिजवली की ते काम थांबतं. इतकीच त्या चमत्काराची गोष्ट.

दादा त्या उबदार कापाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने दुसऱ्या हाताची मूठ उघडली आणि बोट पुढे केलं.

यंत्राने आकडा दाखवलाच नाही. आकडा त्याच्या मोजणीबाहेर गेला, की ते नुसतं 'जास्त' एवढंच लिहितं. बेकरीवाल्या काकांच्या गाडीतून आम्ही त्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर त्यांनी मला बाहेर बोलावून वेगळं काही सांगितलं असतं. त्या रात्री वहिनी आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पाणी मी देत होते हो, पाणी मी देत होते."

शुक्रवारी दादा घरी आला. शनिवारी गुरुजींचा निरोप आला, की उद्याची बैठक नेहमीप्रमाणे. वहिनी म्हणाली, "होऊ द्या."

सहाव्या रविवारी अंगण पुन्हा भरलं. गुरुजींनी नेहमीप्रमाणे बंबातलं पाणी मागितलं आणि वहिनीने नेहमीप्रमाणे आणून दिलं. फरक एवढाच, की ते अंघोळीपुरतं कोमट होतं. गुरुजींनी अळंब्या त्यात टाकल्या, झाकण लावलं, आणि एकशे चौतीस तत्त्वांवर अर्धा तास बोलले. मग पहिली परीक्षा स्वतःची. भांड्यातून अळंबी काढली, चिरली, छातीवर दाबली. त्या दिवशी आकडे म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. अठरा, एकोणीस, वीस!

गुरुजींनी काप न बघताच वर धरला. "या देहात रोग नाही!"

काप गर्द निळा होता.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच अडखळल्या. बेकरीवाले काका मनापासून कळवळले. "गुरुजी! तुम्हालासुद्धा? आणि इतका?"

गुरुजींनी मान वर करून काप पाहिला. दुसरी अळंबी चिरली. निळी. तिसरी. निळी. "आज... आज हवा दूषित आहे," ते म्हणाले.

"हवेचं बरोबर बोललात," दादा उठला. अजून अशक्त होता, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून टेबलापाशी आला. त्याने टोपलीतली अळंबी चिरून दोरीच्या खांबावर दाबली, मग स्टुलावर, मग गुरुजींच्या पांढऱ्याशुभ्र बुटावर. तिन्ही काप वर धरून त्याने आपल्या कामगारांकडे पाहिलं. "बोला रे, काय चाललंय?"

मागच्या रांगेतून एक जण आधी कुजबुजला, मग ओरडला, "हवा खातंय, मालक!" आणि मग रंगाऱ्यांची ती अख्खी रांग कपाळावर हात मारून हसत सुटली. गुरुजी डब्यांचं खोकं उचलून निघाले, तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही. फक्त बेकरीवाले काका काळजीने मागून म्हणाले, "छातीचं दाखवून घ्या हो कोणाला तरी!" तो टोमणा होता की खरी काळजी, ते मला आजही सांगता येणार नाही. भुकटीची एक डबी मी औषध निरीक्षकांकडे तक्रारीसोबत पाठवली.

अळंबीशी माझं वैर नाही. चांगलं अन्न आहे ते. प्रथिनं आहेत, तंतू आहेत, आणि उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्वही तयार होतं. बुरशीपासून मोठमोठी औषधं निघाली आहेत आणि त्यातली काही माझ्या दुकानात आहेत. पण ती वर्षानुवर्षं परीक्षा देऊन तिथवर आली, वीस आकडे म्हणून नाही. जो कोणी म्हणेल, की माझं औषध सगळ्या रोगांवर चालतं आणि तुमचं बंद करा, त्याला एवढंच म्हणा: आधी किटलीवर लावून दाखवा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. रानातली अळंबी ओळखीशिवाय खाऊ नका, तेही जाता जाता सांगते.

परवा मी दादाकडे जेवायला होते. बाजारातली अळंबी, लसूण घालून तव्यावर परतलेली. दादाने ताट पुढे ओढलं, थांबला, पेन काढून पोटावर टोचलं, कुरकुरला, आणि मग पहिला घास घेतला. त्याची कुरकुर ऐकून मला किती बरं वाटलं, ते त्याला ठाऊक नाही.

निघताना त्याने माझ्या हातात एक गुंडाळी ठेवली. त्या सोमवारी त्याच्या हातून सुटलेलं कापड. उलगडलं तर निळ्याच्या मधोमध वीतभर पिवळा पट्टा. दादाने आजवर असं कापड दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"दुकानात लाव, सगळ्यांना दिसेल असं," तो म्हणाला. "कोणी विचारलं तर सांग, घडी राहिली होती. माझे डोळे कुठे होते, तेही सांग."